पेनिसिलीन टाळता येईल का? तुमच्यासाठी कदाचित, मिसेससाठी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२. अडीच महिन्यांपूर्वी लिंगावर एक न दुखणारी जखम झाली. जवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिनची एक ग्रॅमची एकच गोळी आणि मलम दिलं, तीन आठवड्यांत जखम गेली. आता छातीवर, तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग आलेत, खाज अजिबात नाही. उपदंशाच्या (सिफिलिसच्या) दोन रक्तचाचण्यांत व्हीडीआरएल १:६४, टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. त्वचारोगतज्ज्ञांनी उपदंशाचं निदान करून ‘पेनिड्युअर एलए २४’ हे पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहून दिलं. केमिस्ट म्हणाला, “आम्ही ठेवत नाही, रिअ‍ॅक्शन येते, नसती भानगड.” आईला सहज विचारलं तर ती म्हणाली, लहानपणी तुला पेनिसिलीन चाललं नव्हतं. बायकोला पाचवा महिना लागलाय, तिची व्हीडीआरएल तिसऱ्या महिन्यात नॉर्मल होती. गोळ्यांवर भागेल का? आणि तिला काही लागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी घाई तिथे आहे.

मिसेसचा तिसऱ्या महिन्यातला नॉर्मल रिपोर्ट तुम्ही मनातून काढून टाका. हिशेब मांडून बघा. संसर्ग झाल्यावर जखम दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, कधी दहा दिवस, कधी नव्वद. जखम आल्यावरही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह व्हायला आणखी एक ते चार आठवडे जातात. तुमची जखम अडीच महिन्यांपूर्वीची, तिची तपासणी दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे तिला तुमच्याकडून लागण झाली असेल, तर त्या दिवशी तिच्या रक्तात दाखवण्यासारखं काही तयारच झालं नसणार. शिवाय सध्याची तुमची अवस्था, म्हणजे अंगावर डाग उठलेली दुसरी अवस्था, सगळ्यात जास्त संसर्गजन्य. अशा वेळी नियम सरळ आहे. गेल्या नव्वद दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला, त्यांचा रिपोर्ट काहीही येवो, उपचार द्यायचे. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

आणि तिच्यासाठी औषध एकच, बेंझाथीन पेनिसिलीन, २४ लाख युनिट, कमरेत. मी ‘पहिली पसंती’ म्हणत नाहीये, ‘एकच’ म्हणतोय. उपदंशाचे जंतू वारेतून (प्लासेंटातून) बाळाकडे जातात. पेनिसिलीनही वारेतून पलीकडे जातं आणि पोटातल्या बाळाचाही उपचार करतं. डॉक्सिसायक्लिन या काळात द्यायचं नसतं, बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो. एरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन वारेतून पुरेसं उतरतच नाही. आईचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बाळ उपदंश घेऊन जन्माला येतं. कुठे पेनिसिलीन मिळालंच नाही म्हणून दुसरं काही द्यावं लागलं, तर ते बाळाचे उपचार झाले असं धरत नाहीत, जन्मल्यावर त्याला वेगळे द्यावे लागतात. उपचार न झालेल्या आईकडून आजाराच्या सुरुवातीच्या काळात बाळाला लागण होण्याची शक्यता फार मोठी असते. गर्भपात, पोटात बाळ दगावणं, कमी दिवसांची प्रसूती हे सगळं मी ओपीडीत पाहिलंय. ज्या इंजेक्शनला काही मिनिटं लागतात त्याच्यावाचून झालेलं पाहिलंय, म्हणून एवढा आवाज चढवतोय.

तिचं रक्त इंजेक्शनच्या दिवशीच पुन्हा तपासा. पॉझिटिव्ह आलं तर गरोदरपणात बरेच जण आठवड्याने दुसरं इंजेक्शन देतात, मीही देतो. प्रसूतीतज्ज्ञांना सगळं मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्या सोनोग्राफीत बाळाकडे वेगळ्या नजरेने बघतील. विसाव्या आठवड्याच्या पुढे यकृत मोठं झालंय का, पोटात पाणी आहे का, वार जाड झालीये का हे दिसू शकतं.

इथे नेहमी एक प्रसंग येतो, तुमच्याही मनात असेल. नवरा एकटा माझ्यासमोर बसतो, दार नीट लागलंय ना बघतो आणि म्हणतो, “डॉक्टर, तिला ताकदीचं इंजेक्शन म्हणून देऊन टाका ना.” मी देत नाही. एक तर तिच्या अंगात काय जातंय हे कळण्याचा तिचा हक्क आहे. दुसरं अगदी व्यवहाराचं आहे: तिला माहीत नसेल तर ती अठ्ठाविसाव्या आठवड्याला आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा तपासणी करणार नाही, इंजेक्शननंतर पोटात दुखायला लागलं तर कुणाला काय सांगायचं ते तिला कळणार नाही, आणि बाळाच्या डॉक्टरांना अर्धीच माहिती मिळेल. सांगणं अवघड जात असेल तर समुपदेशकाला मध्ये घ्या. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे हेच काम रोज चालतं. १०९७ हा हेल्पलाइन क्रमांकही आहे, फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

आता तुमच्याबद्दल.

पेनिसिलीन या आजारावर इतकं चांगलं का चालतं, ते कळलं की बाकीच्या औषधांची किंमत आपोआप कळते. उपदंशाचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, फार सावकाश वाढतो. साधे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला तीस-बत्तीस तास लागतात. पेनिसिलीन जंतूला मारतं ते तो आपली भिंत बांधत असताना. भिंत बांधण्याचं काम सव्वा दिवसातून एकदा होणार असेल, तर औषध तेवढा वेळ रक्तात हजर असायला हवं, आणि एकदाच नाही, लागोपाठ सात-आठ दिवस तरी. प्रमाण अगदी थोडं चालतं, पण खंड चालत नाही. १९४३ साली अमेरिकेत जॉन महोनी यांनी पहिल्या चार रुग्णांना पेनिसिलीन दिलं तेव्हा दर चार तासांनी सुई टोचावी लागली होती, रात्रंदिवस, आठ दिवस. नंतर बेंझाथीन आलं. ते स्नायूत साठून राहतं आणि थेंबाथेंबाने रक्तात उतरतं. त्या अठ्ठेचाळीस सुयांचं काम एका दिवसात उरकतं. आणि इतक्या वर्षांत या जंतूने पेनिसिलीनला दाद न देणं शिकलेलं नाही. गोनोरियाच्या (परम्याच्या) जंतूने एकेक औषध निकामी केलं, हा मात्र अजून तिथेच आहे. का, हा प्रश्न माझ्यासारख्याला आजही चक्रावून टाकतो.

म्हणून सुरुवातीच्या उपदंशाला, म्हणजे जखम, अंगावर पुरळ, किंवा लक्षणं नाहीत पण लागण वर्षाच्या आतली आहे अशा तिन्हींना, २४ लाख युनिट एकदाच. लागण वर्षापूर्वीची असेल किंवा कधीची ते सांगताच येत नसेल, तर तेच इंजेक्शन आठवड्याला एक, असे तीन. तुमची जखम अडीच महिन्यांपूर्वीची आहे, त्यामुळे तुम्हाला एकच पुरेल. काही डॉक्टर ‘सुरक्षित बाजू’ म्हणून सगळ्यांनाच तीन देतात. सुरुवातीच्या अवस्थेत तिनांनी एकापेक्षा जास्त फायदा होत नाही, हे एचआयव्ही असलेल्या रुग्णांमध्येही तपासून झालंय. दोन जास्तीची इंजेक्शनं म्हणजे दोन जास्तीचे दुखरे दिवस आणि मध्येच औषधाचा तुटवडा पडला तर दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास. तुटवडा खरोखर पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत बेंझाथीन पेनिसिलीन इतकं कमी पडलं की त्यांना फ्रान्स आणि पोर्तुगालमधून माल आणावा लागला. औषध स्वस्त, त्यात नफा नाही, मग बनवणारे मोजकेच उरतात.

एक मात्र जपा. चिठ्ठीवर ‘बेंझाथीन’ आणि ‘२४ लाख’ हे दोन्ही शब्द स्पष्ट असू देत, बाटलीवरही तेच आहे ना ते स्वतः वाचा. पेनिड्युअर ६, १२ आणि २४ लाखांत येतं. माझ्याकडे एक जण आला होता, ‘पेनिसिलीन घेऊनही’ सहा महिन्यांनी टायटर (व्हीडीआरएलचा १:६४ सारखा आकडा) जिथल्या तिथे. खोदून विचारलं तेव्हा कळलं की दुकानात २४ नव्हतं, १२ ची एकच बाटली दिली गेली, दुसऱ्या एका दवाखान्यात ती टोचली गेली, आणि निम्मा डोस गेल्याचं कुणाच्या गावी नव्हतं. साधं क्रिस्टलाइन पेनिसिलीनही ‘पेनिसिलीन’च असतं, पण ते काही तासांत लघवीवाटे निघून जातं. तुमच्यासाठी त्याच्या एका सुईचा उपयोग नाही.

इंजेक्शन दुखतं, खोटं बोलत नाही. भुकटीत पाणी घातलं की ताकासारखं दाट पांढरं मिश्रण होतं. आमच्या सिस्टर बाटली दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवतात, हलवून फेस करत नाहीत. मग जाड सुईने भरायचं आणि लगेच द्यायचं. मध्ये कुणाशी बोलत उभं राहिलं की मिश्रण खाली बसतं, सुई तुंबते, जोर लावला की सुई सिरिंजपासून सुटते आणि औषध रुग्णाच्या पँटवर. म्हणून नवख्या हाताकडून घेऊ नका. औषध बरंच असतं, त्यामुळे अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला, सावकाश, खोल स्नायूत. हे शिरेत कधीच द्यायचं नसतं, जिवावर बेततं. त्यानंतर थोडं चाला. एक-दोन दिवस खुर्चीवर बसताना आठवण येत राहील.

आता रिअ‍ॅक्शनचं भूत. केमिस्टला मी फार दोष देत नाही, त्यानेही कुणाकडून तरी ऐकलेलंच असतं. पण पेनिसिलीनसाठी म्हणून पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि आज त्याच पुणे जिल्ह्यात पेनिसिलीन मिळवायला चार दुकानं फिरावी लागतात, हे बघून हसावं की रडावं कळत नाही. वस्तुस्थिती अशी आहे: जिवावर बेतणारी खरी रिअ‍ॅक्शन दर दहा हजारांत एखाद-दुसऱ्याला येते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या शाळकरी मुलांना हेच इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं देतात. त्यांच्या आया मुलाला घेऊन येतात, सुई देऊन जातात, त्यात कुणाला भूत दिसत नाही.

‘मला पेनिसिलीन चालत नाही’ म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते व्यवस्थित चालतं. तुमच्या आईंना पुन्हा नीट विचारा: वय किती होतं? इंजेक्शन होतं की पातळ औषध? दिल्यावर किती वेळाने काय झालं? तासाभरात अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, दम लागला, रुग्णालयात न्यावं लागलं, तर ते गांभीर्याने घ्यायचं. तापात औषध चालू असताना चौथ्या दिवशी अंगावर बारीक पुरळ आलं, तर ते बहुतेक वेळा त्या तापाचंच असतं, औषधाच्या नावावर खपतं. नुसत्या उलट्या-जुलाबांना अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. खरी अ‍ॅलर्जीसुद्धा कायम टिकत नाही, दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते.

आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: त्यानंतर कधी मॉक्स, ऑगमेंटिन घेतलंय का? अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलीनचंच भावंड. मागे एक गृहस्थ ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून अडून बसले होते. मी विचारलं, अक्कलदाढ काढली तेव्हा काय दिलं होतं? त्यांनी मोबाईलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो शोधला. अ‍ॅमॉक्सिसिलिन, पाच दिवस, काहीही त्रास नाही. वाद तिथेच मिटला, पंधरा मिनिटांत इंजेक्शन झालं. असा पुरावा नसेल आणि जुनी गोष्ट किरकोळ असेल, तर डॉक्टर देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडाने देऊन तासभर बसवून ठेवतात. याउलट कधी औषधाने कातडी सोलली असेल, तोंडात-डोळ्यांत फोड आले असतील, तर मात्र पेनिसिलीन पुन्हा वापरून बघण्याच्या भानगडीत कुणीच पडू नये.

आपल्याकडे टेस्ट डोसवर फार विश्वास असतो. कातडीत थोडंसं टोचायचं, फुगलं तर नाही, नाही फुगलं तर द्यायचं. बऱ्याच रुग्णालयांचा तसा नियम आहे, त्यांनी केला तर करू द्या. पण साधं पेनिसिलीन पातळ करून केलेली ही चाचणी फारशी भरवशाची नाही. नुसत्या टोचण्यानेही लाल होतं, आणि चाचणी चांगली आली म्हणजे धोका शून्य असंही नाही. माझा भर तीन गोष्टींवर असतो. आधी नीट विचारपूस, इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसणं, आणि ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन काढून ठेवलेलं असणं. रिअ‍ॅक्शन आलीच तर मांडीत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन, लगेच, हेच जीव वाचवतं. जिथे ते नाही तिथे पेनिसिलीनच काय, कुठलंच इंजेक्शन घेऊ नका.

समजा चौकशीत तुमची अ‍ॅलर्जी खरी निघाली. मग गोळ्या.

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. जुन्या उपदंशाला हाच कोर्स चार आठवडे. सरकारी केंद्रांत लैंगिक आजारांची औषधं रंगीत किटमध्ये येतात. जखमेसाठी पांढरं किट असतं, त्यात बेंझाथीन. पेनिसिलीन न चालणाऱ्यांसाठी निळं, त्यात पंधरा दिवसांचं डॉक्सिसायक्लिन. म्हणजे हा पर्याय अधिकृत आहे, चोरवाट नाही. सुरुवातीच्या उपदंशात डॉक्सिसायक्लिनचे निकाल पेनिसिलीनच्या जवळपास येतात. मी स्वतः अनेकांना दिलंय, गुण आलाय.

मग मी आधी इंजेक्शनचाच आग्रह का धरतो? इंजेक्शन दिलं की झालं, तेवढं मला दिसतं. कॅप्सूल तुम्ही घरी घेणार. अठ्ठावीस कॅप्सूल, एकही न चुकवता, जंतू सावकाश वाढतो हे लक्षात ठेवून. चौथ्या दिवशी पोट जळजळतं, सहाव्या दिवशी डाग फिके पडतात, आठव्या दिवशी माणूस लग्नाला गावी जातो आणि पाकीट घरी राहतं. डॉक्सिसायक्लिन घ्यायचंच असेल तर जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना कोरडीच गिळली तर अन्ननलिकेत अडकते आणि आतून भाजते, दोन दिवस पाणीही उतरत नाही. दूध, लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध यांच्यासोबत घेतलं तर ते पोटातच बांधलं जातं, रक्तात उतरत नाही. मिसेसच्या लोहाच्या गोळ्या आणि तुमच्या कॅप्सूल एकाच डब्यात असतील तर हे विशेष. उन्हात कातडी लवकर भाजते, फिरतीचं काम असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हा आणखी एक मार्ग: रोज एक ग्रॅम, स्नायूत किंवा शिरेत, दहा दिवस. चांगलं चालतं, मेंदूपर्यंतही पोचतं. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं, कारण रेणूचा जो भाग त्रास देतो तो वेगळा आहे. पण पूर्वी पेनिसिलीनने दम लागून माणूस कोसळला असेल तर हे रुग्णालयातच द्यायचं. व्यवहारातली अडचण रविवारची. दहा दिवसांत एक तरी रविवार किंवा सण येतोच आणि दवाखाना बंद असतो. परम्यासाठी म्हणजे गोनोरियासाठी देतात तो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा एकच डोस उपदंशाला पुरत नाही, हेही सांगून ठेवतो.

अ‍ॅझिथ्रोमायसिन का चाललं नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते सर्रास केलं जातं. पांढऱ्या किटमध्येही बेंझाथीनबरोबर अ‍ॅझिथ्रोमायसिन एक ग्रॅम असतं, पण ते शँक्रॉइड नावाच्या दुसऱ्या जखमेसाठी. कुणी सुई टाळून फक्त गोळी दिली की उपदंश तसाच राहतो. एके काळी दोन ग्रॅमच्या एका डोसवर मोठ्या आशा होत्या. टांझानियातला २००५ सालचा अभ्यास पेनिसिलीनच्या तोडीचे निकाल दाखवत होता. पण त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत गोळी घेतलेल्यांच्या जखमा भरेनात. जंतूच्या रायबोसोममधलं, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातलं, एकच जनुकीय अक्षर बदललं की हे औषध त्याला चिकटतच नाही. शांघायमध्ये तर जवळपास सगळेच जंतू तसे सापडले. आता उपदंशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिनवर विसंबून राहणं म्हणजे जुगार. तुमची जखम बरी झाली ती गोळीमुळे नव्हे. ही जखम तीन ते सहा आठवड्यांत आपोआपच भरते, काही न करता. या आजाराची सगळी फसवणूक तिथेच आहे. मलम, झाडपाला, बाबाचा अंगारा, ज्याच्या हाती शेवटी काही दिलेलं असतं त्याला यश मिळतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेला म्हणून आपल्या वैद्यांनी याला ‘फिरंग रोग’ नाव दिलं आणि पारा वापरला, तेव्हाही असंच होत असणार.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, सेप्ट्रान यांचा उपदंशाला काडीचा उपयोग नाही. सेफिक्झिमच्या गोळ्यांवर अभ्यास चालू आहेत, निकाल आशादायक आहेत, पण आज मी त्यावर कुणाला सोडणार नाही. लिनेझोलिडची स्पेनमध्ये चाचणी झाली, ते कमी पडलं. जपानमध्ये बरीच वर्षं बेंझाथीन उपलब्धच नव्हतं, तिथे अ‍ॅमॉक्सिसिलिनचे लांब कोर्स चालत आणि अनेकांना गुणही येई. पण तेही पेनिसिलीनच, त्यामुळे अ‍ॅलर्जीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मिसेसना खरी अ‍ॅलर्जी निघाली तर? तरीही पेनिसिलीनच, फक्त आधी शरीराला त्याची सवय लावून. रुग्णालयात दाखल करून तोंडाने अगदी शंभर युनिटपासून सुरुवात करतात, दर पंधरा मिनिटांनी डोस दुप्पट, असे चौदा डोस. चारेक तासांत शरीर ते स्वीकारतं, मग इंजेक्शन. ही सवय औषध अंगात आहे तोवरच टिकते, पुढे कधी लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला भयंकर वाटतं, पण सोय असलेल्या ठिकाणी शांतपणे पार पडतं.

इंजेक्शनच्या रात्री तुम्हाला ताप भरू शकतो. थंडी, डोकेदुखी, अंग ठणकणं, डाग आणखी लाल दिसणं. भराभर मरणाऱ्या जंतूंमुळे हे होतं, चोवीस तासांत उतरतं, पॅरासिटामॉल पुरतं. ही अ‍ॅलर्जी नाही. हे ठासून सांगतो, कारण एका बाईंच्या फाईलवर लाल शाईत ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’ लिहिलेलं होतं आणि चौकशी केली तर इंजेक्शननंतर सहा तासांनी आलेला हा ताप होता, ना गांध, ना सूज, ना दम. त्या एका ओळीमुळे पुढच्या गरोदरपणात त्यांना पेनिसिलीन द्यायला सगळे कचरत होते. मिसेसना मात्र असा ताप आला आणि पोट आवळून आल्यासारखं वाटलं किंवा बाळाची हालचाल कमी जाणवली, तर लगेच प्रसूतीतज्ज्ञांकडे. या भीतीने इंजेक्शन पुढे ढकलायचं नाही, फक्त त्या एक-दोन दिवसांत रुग्णालयापासून लांब प्रवास नको.

एका प्रश्नाचं उत्तर तुम्हीच मला द्यायचं आहे: डोळ्यांना धूसर दिसतंय का, डोळा लाल आहे का, कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतंय का, डोकं सतत दुखतंय का? यातलं काहीही ‘हो’ असेल तर वरचं सगळं बाजूला. डोळा, कान आणि मेंदूपर्यंत बेंझाथीन पुरेसं पोचत नाही. तेव्हा दाखल होऊन शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलीन, दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट, दहा ते चौदा दिवस. दिवस मोजत बसाल तर नजर जाईल.

उपचारांनंतर डाग गेले म्हणजे काम झालं, असं नाही. इंजेक्शनच्या दिवशीच व्हीडीआरएल पुन्हा करा, तो आकडा पाया धरायचा. मग सहा महिन्यांनी आणि वर्षाने, त्याच लॅबमध्ये, तीच चाचणी. एकदा व्हीडीआरएल आणि एकदा आरपीआर (तशीच दुसरी रक्तचाचणी) केलं तर तुलना होत नाही. १:६४ वरून १:१६ किंवा त्याखाली उतरायला हवं, वर्षभरात. १:३२ झालं तर ते उतरणं धरत नाहीत, एका पायरीचा फरक लॅबमधल्या हाताच्या फरकानेही पडतो. काहींचं १:२ किंवा १:४ वर येऊन थांबतं आणि तिथेच राहतं, ते चालतं. उतरलेला आकडा पुन्हा चार पटींनी चढला तर बहुतेक वेळा नवी लागण असते. टीपीएचए मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहणार, ती बघून घाबरून पुन्हा पुन्हा कोर्स घेऊ नका. आखातात नोकरीसाठी मेडिकल द्यायची वेळ आली तर हीच टीपीएचए आडवी येते, तेव्हा इंजेक्शनची तारीख, डोस आणि नंतरचे उतरलेले आकडे असलेला कागद दाखवावा लागतो. तो जपून ठेवा. एचआयव्हीची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करा.

दोघांचे उपचार होऊन दोन आठवडे जाईपर्यंत आणि डाग पूर्ण जाईपर्यंत संबंध नको. आणि जिथून हे आलं, त्या व्यक्तीलाही कळवा. तुमची इच्छा नसेल तर नाव न सांगता, समुपदेशकामार्फत. तिचे उपचार झाले नाहीत तर ती साखळी पुढे चालू राहते.

उद्या सकाळी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा-गुप्तरोग विभागात दोघंही जा. केमिस्टच्या दारोदार फिरू नका, इंजेक्शन तिथेच मिळतं आणि मोफत मिळतं. तुमचे रिपोर्ट, मिसेसची तिसऱ्या महिन्यातली तपासणी आणि घरात सापडतील त्या जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. मिसेसच्या गरोदरपणाच्या कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि तारीख लिहून, सही-शिक्का घेऊन या. प्रसूतीच्या वेळी ड्यूटीवरचे बालरोगतज्ज्ञ पहिल्यांदा तेच कार्ड उघडतील, आणि बाळाला नुसतं तपासायचं की दहा दिवस पेनिसिलीन द्यायचं हे त्या तारखेवरून आणि मिसेसच्या त्या वेळच्या टायटरवरून ठरवतील. तिचं इंजेक्शन प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी झालेलं असावं लागतं. तुमच्याकडे आज चार महिने आहेत.